अंधाराचं प्रकरण

पडद्यावर गुहेत उजेड झाला आणि तिने डोळे मिटून घेतले. धंद्याला अगदी न शोभणारी गोष्ट. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी सिनेमा शब्दांत सांगायचा, हे तिचं काम. दोन संवादांच्या मधल्या फटीत मावेल एवढंच लिहायचं, कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या हातात काय आहे, आणि मग तेच स्वतःच्या आवाजात बोलायचं. या कामाचा पगार मुळात डोळे उघडे ठेवण्याचा असतो. आजवर तिने खून पाहिले होते, पोट फाडून केलेल्या शस्त्रक्रिया पाहिल्या होत्या, एका सिनेमात तर जिवंत उंदीर खाणारा माणूस पाहिला होता, आणि बघता बघता शांतपणे टाइप केलं होतं, ‘तो उंदराची शेपटी धरतो.’ आणि आज मुलांच्या सिनेमातलं, संगणकावर बनवलेलं एक जनावर उजेडात येतंय म्हटल्यावर तिच्या पापण्या आपोआप खाली आल्या. कानातल्या यंत्रात दगडावर काहीतरी घासल्याचा आवाज येत राहिला. पलीकडच्या काचेआड ध्वनिवाला बिस्कीट खात होता. त्याने तिच्याकडे पाहिलं असावं, कारण त्याच्या खुर्चीची करकर थांबली. तिने डोळे उघडले तेव्हा दृश्य पुढे निघून गेलं होतं. मागे नेऊन पुन्हा पाहायला हवं होतं. तिने मागे नेलं नाही. उठून वातानुकूलन कमी केलं, परत बसली, परत उठून वाढवलं.

हा सिनेमा ज्यावरून निघाला ते पुस्तक घरात आलं तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची होती, धाकटा भाऊ तिच्याहून बराच लहान, आणि धाकट्याचे डोळे कडेकडून जायला लागले होते. डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं, कडा आधी जातील, मधलं शेवटी. मग मधल्या वाटोळ्या तुकड्यातून तो जग बघायचा, मान सारखी इकडून तिकडे फिरवत, आणि दारांच्या चौकटींवर खांदे आपटून घ्यायचा. अक्षरं त्याला जमेनाशी झाली म्हणून वाचायचं काम तिच्याकडे आलं. चांगलं जाडजूड पुस्तक. मीठ विकणाऱ्या बाईची पोर, तिच्या गावातल्या सगळ्यांचे आवाज एका डोंगराने गिळलेले, आणि ते परत आणायला ही एकटी डोंगराच्या पोटात उतरते. मध्यावर तिचा दिवा विझतो. तिथून एक आख्खं प्रकरण काळोखात. त्या काळोखात काहीतरी येतं, आणि ते काय आहे ते लेखकाने शेवटपर्यंत सांगितलेलंच नाही. ओल्या लोकरीचा वास. गरम श्वास. फरशीवरून लोखंडी पेटी ओढावी तसा आवाज. पोर त्याच्या पाठीवर चढते, मुठीत धरते ते केस की शेवाळ हे तिलाही कळत नाही, आणि ते तिला डोंगराच्या दुसऱ्या तोंडाशी नेऊन सोडतं. उजेड लागायच्या अलीकडे थांबतं आणि मागे फिरतं. एवढंच. त्यावर पुढे वाचणाऱ्यांनी किती डोकी फोडली! कोणी म्हणे अस्वल, कोणी म्हणे अजगर, कोणी म्हणे तो डोंगरच.

सुट्टीतल्या दुपारी आई ऑफिसात गेली की ती खिडकीचे पडदे ओढून घ्यायची, वर चादर टांगायची, आणि हे प्रकरण म्हणायची. वाचायची नाही, म्हणायची. सगळं पाठ होतं. पुस्तक मिटलेलं मांडीवर. जनावराच्या जागी हनुवटी छातीला टेकवून घशातून असा काही आवाज काढायची, की संध्याकाळी घसा बसलेला पाहून आई ओरडायची, घसा फाडून घेशील एक दिवस. धाकटा भिंतीला पाठ लावून बसलेला असायचा, पण त्या काळोखात तिला तो दिसायचा नाही, आणि त्यालाही ती दिसायची नाही, आणि इथेच त्या दुपारींची सगळी मजा होती. बाहेर गेलं की चेंडू तिला दिसायचा आणि त्याला नाही. पायरी तिला दिसायची आणि त्याला नाही. आईचं तोंड कधी उतरलंय हे तिला दिसायचं. पण त्या जनावरापुढे दोघं सारखे. तिच्यापाशी त्याच्याहून काडीचंही जास्त नव्हतं. हे तिने कधी कोणाला बोलून दाखवलं नाही, धाकट्यालाही नाही. पण पुढे नोकरी धरताना, लग्न मोडताना, आई गेल्यावर घर आवरताना, जेव्हा जेव्हा तिला आपलं काय उरलंय असं वाटलं, तेव्हा ती एक खोली तिने मनात चाचपून पाहिली होती आणि ती जागेवर होती.

आणि आता या लोकांनी तिथे दिवा लावला होता. सिनेमा होणार ही बातमी आली तेव्हापासून ऑफिसात दुसरा विषय नव्हता. ध्वनिवाला या बाबतीत कट्टर. “पुस्तकात नावाडी म्हातारा आहे, खोकतो. इथे बघा, दाढी कोरलेला! नदी उलटी वाहायला हवी, ही सरळ वाहतेय. मिठाची पोर मुळात अबोल, आणि ही बडबडून डोकं खाते.” ती त्याला साथ द्यायची, कधी कधी त्याच्याहून वरचा सूर लावायची. पोरीच्या पायात बूट कशाला, ती अनवाणी जाते म्हणून तर तळपायाला मीठ झोंबतं, मग पुढचं सगळं कोसळलं की! फोनवर धाकट्यासमोरही तिने हीच यादी लावली होती. धाकट्याचं मधलंही केव्हाच गेलेलं; विमा कंपनीत दावे लढवणारा वकील तो, त्याला ऐकून घ्यायची सवय आणि मग एका वाक्यात वाटेला लावायची. “ताई, लेखकाने पुस्तकाचे हक्क विकले. माझ्या डोक्याचे विकायला ते त्याच्याकडे नव्हतेच. एवढी काय चिडतेस?” आणि थोडं थांबून, जरा वेगळ्या आवाजात, “पण काय गं, काळोखातला तो दाखवलाय का?” तेव्हा ती तिथवर पोचली नव्हती, तसं तिने सांगितलं. तो हं म्हणाला. शुक्रवारचा पहिला खेळ तो बघणार होता, कानात यंत्र घालून, तिच्या आवाजात. त्यानंतर तिने त्याला फोन केला नव्हता.

शेवटी तिने दृश्य मागे नेलं आणि पाहिलं. पाहिलं म्हणजे पाहण्यासारखं बरंच होतं. पोरीच्या हातातला विझलेला दिवा इथे आपोआप पेटतो, आणि भिंतीवर आधी सावली येते, मग तो स्वतः. पैसा दणकून ओतलेला. प्रत्येक खवल्यावर पाण्याचा थेंब. तिला राग यायला हवा होता, तो नेहमीसारखा येईना. फट चांगली ऐसपैस होती, संवाद नाही, नुसतं संगीत. तिने लिहिलं, पुढच्या दृश्याकडे वळली, त्याच्या पुढच्या दृश्याचंही लिहिलं, आणि दुपारी तपासणीला जाऊन बसली.

तपासणाऱ्या बाईंना जन्मापासून दिसत नव्हतं. लिहिलेलं वर्णन पडद्यावरच्या आवाजाबरोबर जुळतंय की नाही हे त्यांच्यासमोर वाचून दाखवायचं, त्यांनी हात वर केला की थांबायचं. बूट काढून, पाय खुर्चीवर घेऊन त्या ऐकत बसत, आणि ऑफिसातले साहेबसुद्धा त्यांच्या हाताला घाबरून असत. गुहेचा भाग आला. ती वाचत गेली, “दिवा विझतो. अंधारात गरम श्वास. काहीतरी जवळ येतं.” हात वर झाला.

“हे तू पाहून लिहिलंस?”

“हो.”

“खोटं बोलतेस. ढोल थांबले, पोरीने श्वास आत ओढला आणि मागून बायकांचा कोरस चढला. काळोखाला कोणी कोरस लावत नाही. काहीतरी भलंमोठं दाखवलंय. काय दाखवलंय?”

तेव्हा तिचं स्वतःच्या वाक्याकडे लक्ष गेलं. गरम श्वास. ते पुस्तकातलं होतं, शब्दाला शब्द. तिने ते ठरवून लिहिलं नव्हतं. समोर पडदा लख्ख उजळलेला आणि हात आपले जुनं पाठ केलेलं टाइप करून मोकळे झाले होते. इतक्या वर्षांत अशी चूक तिच्या हातून झाली नव्हती. “पुस्तकात ते दाखवलेलं नाही,” ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिला ते पोरकट वाटलं.

“मग मी काय पुस्तक ऐकायला बसलेय?”

“तसं नाही. ज्यांनी लहानपणी ऐकलंय, त्यांच्या त्यांच्या मनात एक असेल ना. आपण शिंगं सांगितली की ते जाणार. लोकांना दिसतं म्हणून त्यांचं गेलं, त्याला इलाज नाही. पण ज्यांचं वाचू शकतं त्यांचं तरी—”

“वाचू शकतं!” बाई हसल्या, पण ते हसू काही बरं नव्हतं. “अख्खं थिएटर एकदम आ करणार, शेजारची बाई माझ्या दंडाला धरणार, आणि माझ्या कानात काय, तर गरम श्वास. सिनेमा भिकार असेल तर भिकार सांग. शिंगं चुकीची असतील तर चुकीची शिंगं सांग. मी नावं ठेवीन ना, मलाही नावं ठेवायची हौस आहे. आणि माझ्या डोक्यातलं सांभाळायला मी तुझ्याकडे दिलेलं नाही. कोणी दिलंय का?” तिने त्या वाक्याखाली रेघ मारली. “उद्या सकाळी आवाज घ्यायचाय. त्याआधी वाक्य बदल,” बाई म्हणाल्या आणि पायाने बूट चाचपू लागल्या.

तिने वाक्य बदललं. परत बदललं. ‘एक प्रचंड प्राणी प्रकाशात येतो.’ प्रचंड म्हणजे काय, केवढा? ‘शिंगं असलेला.’ कशी शिंगं? एकेक शब्द ठेवला की तो भिंतीत खिळा ठोकावा तसा बसत होता, आणि तिला दिसत होतं की शुक्रवारी हे सगळे खिळे तिच्याच आवाजात धाकट्याच्या डोक्यात जाणार. दुसरं कोणी बोललं असतं तर त्याने ते झटकून टाकलं असतं. पण ती म्हणेल ते त्याने लहानपणापासून खरं धरलेलं. पायरी आहे म्हटलं की पाय उचलायचा. तिने लवकर निघते म्हणून सांगितलं आणि पिशवी उचलली. रस्त्यात आल्यावर नेहमीचा रोग सुरू झाला. माणूस शिडी खांद्यावर घेऊन वळतो. दुकानदार काचेवर पाणी मारतो. दोन मुली एकाच छत्रीत, पाऊस नसताना. डोकं आपलं वर्णन करत सुटलेलं, फटीत मावेल एवढं, पुढे सरकायचं, पुढे सरकायचं. कोण ऐकणार होतं ते? बसच्या थांब्यावर तिने डोळे मिटून पाहिले. काळोख कसला, पापण्यांच्या आत तांबूस उजेड आणि त्यात ती खवल्यांची पाठ. म्हणजे तिचं तर गेलंच होतं. एका दिवसात गेलं होतं, पगारी वेळेत. आता फक्त त्याच्याकडे उरलेलं होतं. ते तरी राहू दे, असं तिला वाटलं, आणि इतकं जोरात वाटलं की बस आली तरी ती चढली नाही. धाकट्याच्या घरापर्यंत चालत गेली.

धाकटा सदऱ्यांना इस्त्री करत होता. बायको कामावर गेलेली, खिडकी उघडी, खोलीत गरम कापडाचा वास. डाव्या हाताने तो कापड सपाट करत पुढे जायचा आणि त्याच्या मागून इस्त्री, बोटांपासून चार अंगुळं राखून. बघणाऱ्याचा जीव वर-खाली व्हायचा, त्याला मात्र आजवर चटका बसलेला नव्हता.

“आलीस? बस. खुर्चीवर नको, खुर्चीवर सदरे आहेत.”

ती उभीच राहिली. “ऐक ना. सिनेमातल्या त्या प्रकरणाबद्दल—”

“दाखवलाय,” तो म्हणाला. विचारलं नाही, म्हणाला. “फोन नाही आला तेव्हाच कळलं मला.”

“दाखवलाय. आणि मला ते सांगायला लागणार आहे. सोडून चालत नाही. पण मी काय म्हणते, तिथे येण्याआधी मी जरा खाकरीन. आवाज घेताना मुद्दाम ठेवीन ते. मी खाकरले की तू कानातलं काढून ठेव, आणि कोरस संपला की परत घाल.”

इस्त्री उभी ठेवून तो मनापासून हसला. “वा! सगळे बघणार आणि मी कान काढून बसणार. हे कोणाच्या हिताचं कलम आहे?”

“हसू नकोस रे. तुझा तुझ्याकडे राहील म्हणून म्हणते. म्हणजे आपला. काळोखातला.”

“आपला म्हणजे?”

आता सांगायला हवं होतं. “कोणालाच न दिसलेला. तुला दिसला नाही आणि मलाही दिसला नाही. पडदे ओढले की आपण दोघं सारखे असायचो ना. तेवढीच एक जागा होती तशी.”

सदऱ्याची बाही उलटवून त्याने तिची शिवण शोधली, मग सोडून दिली. “ताई, मला दिसायचा की तो.”

“कसा दिसेल?”

“पडदे तू ओढायचीस ते तुझ्यासाठी. माझं तेव्हा तसं नव्हतं. मधल्या गोलात जे शेवटचं दिसलेलं असायचं ते काळोख केला तरी तिथेच राहायचं, बराच वेळ. आणि पडदा ओढायच्या आधी मी बघत काय असायचो? तुझ्या तोंडाकडे. काळोख पुरता व्हायच्या आतच तू हनुवटी खाली घेऊन घशाची तयारी करायचीस. तोच तो. अंगाने डोंगराएवढा आणि तोंड तुझं. दोन वेण्या, कपाळावर घाम, पुढचा दात अर्धा तुटलेला. असा दात काढून घुमायचा तो. मला त्याची कधी भीती नाही वाटली. मी बसायचो त्याच्या पाठीवर.”

तिला एकदम हसू आलं आणि हसू येता येता डोळे भरून आले, आणि ती खुर्चीवरच्या सदऱ्यांवर बसली. इतकी वर्षं ती ज्या काळोखाची राखण करत होती तो काळोख नव्हताच. तिला वाटलं होतं की तिथे आपण दिसत नाही म्हणून आपण बरोबरीचे आहोत. आणि तो तिला टक लावून बघत होता. तिला लाज वाटली, आणि लाजेच्या खालून एक आनंद असा काही उसळला की तिला तो आवरेना. कोणीतरी आपल्याला एवढं मोठं पाहिलं होतं. “मग तर मुळीच नको,” ती म्हणाली. “मग ती शिंगं कशाला? मी नाही सांगणार. काय करायचं ते करू देत त्यांना.”

“ऐक आधी.” त्याने इस्त्री परत उचलली, पण कापडावर टेकवली नाही. “आता येत नाही ते. तोंड. वेण्या येतात, वेण्यांच्या मध्ये काही नाही. आधी नाक गेलं वाटतं, मला कळलंसुद्धा नाही. मग कधी तिथे आईचं तोंड यायचं, कधी शाळेतल्या कुठल्या तरी बाईंचं. तेही बंद झालं. पाठ येते, वास येतो, तुझा आवाज तर येतोच. आणि तोंडाच्या जागी नुसतं भोक. तेव्हा नाही वाटली भीती, आता वाटते, या वयात. झोपताना येतं समोर.” तो कोणत्याही दाव्याबद्दल बोलावं तसं सरळ बोलत होता, फक्त इस्त्री धरलेली बोटं आवळली होती. “म्हणून तुला विचारलं होतं, दाखवलाय का. त्यांनी तिथे काही लावलं असेल ना, शिंगं म्हण, डोळे म्हण, काहीही, तर ते मला नीट सांग. मला बसवून घेता येईल. काहीतरी हवं गं तिथे.”

खिडकीबाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. मी आत्ता कशी दिसते ते सांगू का, असं तिच्या ओठांवर आलं. पण जे सांगायचं ते चाळिशी उलटलेल्या एका थकलेल्या बाईचं तोंड होतं, ते काही डोंगराच्या मानेवर बसणारं नव्हतं. तिने पदर नीट करावा तसा आवाज नीट केला.

“दिवा पेटतो,” ती म्हणाली. “भिंतीवर सावली. मग तो. दोन शिंगं, मागे वळलेली, टोकाला चिरफळलेली. काळे खवले, ओले. डोळे पिवळे, बाहुली उभी.”

“केवढा?”

“पोर त्याच्या गुडघ्याएवढी.”

“नाक?”

“नाक नाही. दोन फटी आहेत, श्वास घेतला की उघडतात.”

“हं.” तो मान किंचित तिरकी करून ऐकत होता, लहानपणी ऐकायचा तशीच. “तोंड उघडतो?”

“उघडतो. दात बारीक, टोकदार, करवतीसारखे.”

“ओळीत?”

“ओळीत.”

“एखादा तुटलेला वगैरे?”

तिची जीभ आपसूक पुढच्या दातामागे गेली. तो दात दंतवैद्याने केव्हाच गुळगुळीत करून दिला होता, आरशात शोधूनही सापडला नसता. एक शब्द पुरेसा होता. कोण तपासायला येणार होतं? शुक्रवारी त्याच्या कानात फक्त तिचाच आवाज असणार, पडद्यावर काहीही असो, तिने म्हटलं की तो दात तिथे आयुष्यभर राहिला असता. तो वाट बघत होता. पायरी आहे की नाही हे विचारून पाय उचलून थांबावं तसा.

“नाही,” ती म्हणाली. “सगळे धड आहेत.”

मग त्याचे खांदे सैल झाले आणि चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं, जड सामान जागच्या जागी लागल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर येतं तसलं.

“हां,” तो म्हणाला. “दिसला.” आणि तिला जरा ऊठ म्हणून त्याने तिच्या खालचा सदरा ओढून घेतला.